खड्ड्यातली दहा मिनिटं

लिफ्टच्या तळाला, जमिनीखाली, पुरुषभर खोल खड्डा असतो. मिस्त्रीचं निम्मं आयुष्य असल्या खड्ड्यांत गेलं होतं. हाताचा संथ माणूस, पण राग नाकाच्या शेंड्यावर. उतरण्याआधी मेन स्विच स्वतः पाडून लिफ्ट बंद करायचा, दोनदा बघायचा, मगच पाय खाली सोडायचा. सत्तावीस वर्षांत कुणाला साधं खरचटलं नव्हतं.

मग कंपनीनं मोबाइलवर अ‍ॅप दिलं. स्विचला हात लावायचा नाही. 'काम सुरू' दाबलं की लिफ्ट बंद. आणि दहा मिनिटं स्क्रीनला बोट लागलं नाही, तर काम संपलं असं समजून लिफ्ट पुन्हा चालू! खाली हात कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले. बोट लावणार कोण?

परवा मिस्त्रीच्याच हाताखाली काम करणारा त्याचा साडू खाली होता. अकराव्या मिनिटाला कुणीतरी बटण दाबलं नि लिफ्ट खाली निघाली. मिस्त्रीनं दारातून बोंब ठोकली. साडू अंगाची घडी करून कोपऱ्यात शिरला, म्हणून वाचला.

आज ऑफिसात बैठक. अ‍ॅप बनवणारे साहेब हसत म्हणाले, "अ‍ॅप तुमच्यासाठीच आहे, मिस्त्री. तुमचं मत हवंय. बटण निळं ठेवू की हिरवं?"

"साडू मेला असता तर काळं ठेवा म्हणालो असतो."

"अहो, वेळेत स्क्रीनला हात लावला असता तर..."

"अस्सं? चला, हात कसा लावायचा तेवढं शिकवा."

चारचौघांत नाही म्हणता येईना. साहेब निघाले. मिस्त्रीनं हुकूम मोडून आधी मेन स्विच पाडला. साहेबांना मात्र सांगितलं नाही. खाली उतरवून त्यांचे दोन्ही हात ग्रीसमध्ये बुडवले, पाना धरायला दिला. "फोन त्या कडेला ठेवलाय. लावा बोट."

साहेबांची नजर डोक्यावरच्या लिफ्टच्या पोटावरून हलेना. सहाव्या मिनिटाला पाना टाकून ते शिडीवर चढले. "ती दहा मिनिटांची अट काढतो. आजच काढतो."

वर उभा असलेला साडू हळूच म्हणाला, "दाजी, जाऊ द्या आता."

"का जाऊ द्या? बनवायच्या आधी एक फोन केला असता, तर यांची बोटं झिजली असती? आणि साहेब, स्विच मीच पाडणार. तेही लिहा."

साहेबांनी लिहायला फोन उचलला. बोट नुसतंच घसरत राहिलं.

"राहू द्या," मिस्त्री गुरगुरला. "आधी ऐकायला शिका."