पहिली पंगत

आमच्या गावात जयंतीच्या जेवणाची पहिली पंगत गावची नसते. ती ओढ्यापलीकडच्या गावाची असते. चौदा एप्रिलला दुपारी विहारासमोर मांडव पडतो, वरणाची मोठी गंजं चुलीवरून उतरतात, भुकेली पोरं ताटांभोवती घोटाळतात, तरी आमच्यातलं कोणी बसत नाही. ओढ्यापलीकडची माणसं येतात, त्यांच्या हातावर पाणी घातलं जातं, ती जेवून उठतात, मग बाकीचे. वाढणारी घरं सगळ्यात शेवटी. आमचं घर वाढणाऱ्यांपैकी. दादाकडे वरणाची बादली, माझ्याकडे भाताची परात. शेवटी आम्ही दोघंच उरायचो. मग तो मला वाढायचा आणि मी त्याला.

ही पद्धत कशी पडली ते मी वाचायला शिकायच्या आधी ऐकलं होतं. आजोबांच्या काळात आमच्या लोकांनी गावकीची फुकटची कामं सोडली. त्यावर मोठ्या शेतकऱ्यांनी आमच्या वस्तीला मजुरी देणं बंद केलं. कापूस वेचायला आला होता, म्हणून त्यांनी ओढ्यापलीकडून आमच्याच समाजाची माणसं बैलगाड्यांत बसवून आणली. ओढ्याच्या अलीकडे आमची माणसं नुसती उभी होती. गाडीतल्यांना काय चाललंय ते कळलं. ती खाली उतरली आणि उपाशीपोटी, पायी परत गेली. कापूस झाडावर राहिला. शेवटी शेतकऱ्यांनाच वस्तीकडे यावं लागलं.

बाबा दरवर्षी जयंतीला पत्रक काढायचे, पातळ गुलाबी कागदावर, आणि त्यात ही गोष्ट असायचीच. उरलेली पत्रकं घरी यायची. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं, शाळेतली भाकर त्यांतच बांधलेली. ‘दुसऱ्यानं मानासाठी सोडलेलं किंवा दुसऱ्याकडून हिसकावलेलं काम आपण पोटासाठी उचलणार नाही’ हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. दादालाही होतं.

पुढे मी वाशिमला राज्यशास्त्रात एम.ए. करायला लागले. आंतरराष्ट्रीय संबंधांचा पेपर शिकवणाऱ्या सरांनी एकदा सांगितलं की राष्ट्रांच्या वर पोलीस नाही, कोर्ट नाही, म्हणून तिथं नीती हा भाषणापुरता शब्द. खरं असतं ते हित. मी उठून ओढ्याची गोष्ट सांगितली. दोन गावांच्या वर तरी कुठलं कोर्ट होतं? पोलीस पाटील तर शेतकऱ्याच्याच ओसरीवर बसलेला असायचा. तरीही माणसं उतरली ना?

सर हसले. वाईट नाही हसले. म्हणाले, “बैलगाडी आणि रणगाडा यांत फरक असतो, बाळा. परीक्षेत हे लिहू नको.”

त्या दिवसापासून वर्गात माझं नाव बैलगाडी पडलं. कँटीनमध्ये मी टेबलाशी गेले की कोणीतरी तोंडानं घुंगरू वाजवायचं. मी एकटी डबा खायला लागले. मला त्याचं फार वाटलं नाही, कारण मला खात्री होती की घरी गेल्यावर मला उभं राहायला जमीन आहे.

दादा फरशी बसवतो. वाशिम, रिसोड, पुणे, काम असेल तिथं जायचा. पुण्यातली साइट बंद पडली आणि तो घरी बसला. मग कळलं की परदेशात बांधकामाला माणसं हवी आहेत. त्या देशात युद्ध चालू होतं. आधी ती कामं शेजारच्या, त्याच देशानं ताब्यात ठेवलेल्या मुलखातले लोक करायचे. युद्ध पेटल्यावर त्यांची वाट बंद केली आणि त्यांच्या जागी आमच्याकडची पोरं न्यायला सुरुवात झाली. देशाचं नाव मी लिहीत नाही. माय अजून ते घरात घेऊ देत नाही.

दादानं परीक्षा दिली. परदेशी साहेबांसमोर फरशी बसवून दाखवली आणि पास झाला. पेढे घेऊन आला.

“कोनाचं काम हाय ते, ठाव हाय का तुले?” मी विचारलं.

“फरशीचं.”

“मजाक करू नको, दादा. ज्यायचं काम होतं त्यायले नाक्यावर अडवून ठेवलं, अन् तुले नेऊन राह्यले. तू त्या बैलगाडीत बसून राह्यला.”

“त्या गाडीतले उतरले तं पायी घरी पोचले. मी उतरलो तं कुठी जाऊ? पुन्याहून उतरूनच आलो न.”

“म्हनून दुसऱ्याच्या जागी बसशीन?”

“अवं, सरकार पाठवून राह्यलं, ते सरकार बलावून राह्यलं. दोन देशायचं जमलं, अन् माही बहीन म्हनते, थांबा.” त्यानं पेढा माझ्या तोंडाशी धरला. “खा. अन् काढ एक पत्रक. कागद गुलाबीच घेजो.”

मी काढलं. मजकूर बाबांना वाचून दाखवला. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

“भाषा बरी हाय,” ते म्हणाले. “सुरुवात काट, सरळ मुद्द्यावर ये. खाली नाव कोनाचं टाकतं?”

“माहं.”

“टाक. छाप, मी अडवत नाई. पन वाटाले मी येत नाई.”

“काहून, बाबा?”

“हात थरथरते माहे.”

त्याच हातांनी त्यांनी सकाळी दादाच्या बॅगेची निघालेली चेन दोऱ्यानं शिवून दिली होती.

जयंतीला दादा अजून घरीच होता, महिनाअखेर निघणार होता. मी ठरवलं होतं की पत्रक पहिल्या पंगतीलाच वाटायचं. ज्यांच्या घराण्यांनी तो धडा घालून दिला, त्यांच्यापुढे. ते बोलले तर दादाला ऐकावंच लागेल, असा माझा हिशोब. पंगत बसली तशी मी परात बाजूला ठेवून एकेकाच्या हातात कागद देत गेले. कोणी तो घडी करून खिशात घातला. कोणी खाली अंथरून त्यावर बसलं. एक जण म्हणाला, “बरं झालं, बुंदी बांधाले कागद आला,” आणि रांग हसली.

रांगेच्या टोकाला एक म्हातारबाबा बसायचे. पहिल्या पंगतीत पहिलं ताट त्यांचं, हे मी लहानपणापासून पाहत होते.

“चष्मा नाई आनला, बाई. तूच सांग काय लिवलं.”

“ओढ्याचीच गोष्ट हाय, आबाजी.”

“मी होतो न त्या गाडीत. एवढासा.”

“मंग तुमीच सांगा या पोरायले, तुमचे लोक काहून वापस गेलते.”

“माही मोठी बहीन तुमच्यात देली होती,” आबाजी म्हणाले. “ओढ्याच्या या अंगाले तेच उभी होती, पोरगं कडेवर घेऊन. मायनं तिले पाह्यलं अन् गाडीतून उडीच मारली. माय उतरली तं समदे उतरले. तुहा बाप पत्रकात हे लिवत नाई.”

“पन उतरले न तुमी.”

“उतरलो. दिसलं म्हनून उतरलो. इतक्या दूरचं कोन कोनाले दिसते?” त्यांनी शेजारी बसलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवला. “हा माहा नातू. तुह्या भावासंगच चालला.”

पोरगा माझ्याकडे पाहून ओशाळं हसला. त्याच्या मांडीखाली माझंच पत्रक होतं. मागून दादा बादली घेऊन आला होता. त्यानं सगळं ऐकलं. आबाजींच्या ताटात त्यानं वरण वाढलं आणि माझ्याकडे न पाहता पुढे गेला.

“आबाजी, बहिनीसाठी तं कोनीबी उतरन,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “जिथं आपली बहीन देली नाई तिथं उतरलं पाह्यजे. तिथूनच सुरू होते न गोष्ट.”

आबाजींनी मान हलवली. “बरोबर हाय तुहं. सोडू नको.” मग म्हणाले, “भात आन न, बाई. वरण निवून राह्यलं.”

त्या शेवटच्या पंगतीत दादानं मला वाढलं. मी त्याला वाढलं.

घरात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. झालं नाही. माय एवढंच म्हणाली, “तुले भाऊ पाह्यजे का मुद्दा?”

“दोनी.”

“दोनी नाई भेटत वं माय,” ती म्हणाली आणि दादासाठी तिखट कुटायला बसली.

दादा निघाला त्या दिवशी गल्लीतली सगळी त्याला शिरपूरच्या फाट्यापर्यंत सोडायला गेली. मी गेले नाही. ज्याला मी चूक म्हटलं त्याला हात हलवून निरोप देणं मला जमणार नव्हतं, आणि आजही जमणार नाही. मी गच्चीवर बसून राहिले. रानात कुठंतरी हळद शिजत होती, तिचा वास येत होता. ऊन कलल्यावर माणसं परत आली आणि आमच्या दारावरून जाताना त्यांनी आवाज खाली केला, जसं काही आत कोणी आजारी आहे.

तो फोन मायला करायचा. पाठीमागून त्याचा आवाज माझ्यापर्यंत यायचा: जेवलो, काम बरं आहे, भोंगा वाजला की तळघरात जातो. भोंग्याचं ऐकल्यावर मायनं त्या देशाचं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगितलं. मी दिवा लावून अभ्यासाची पुस्तकं उघडायचे. त्यांत राष्ट्रं होती, करार होते, हित होतं. तळघरात गुडघे छातीशी घेऊन बसलेला फरशीवाला कुठल्याच पानावर नव्हता, आणि ज्याच्या जागी तो गेला तोही नव्हता.

पावसाळ्यात एक दिवस दादानं मलाच फोन केला.

“आयक. बोलू नको, नुसतं आयक,” तो म्हणाला. “नवी साइट भेटली. एका खोलीत अर्धी फरशी बसेल हाय. बाकी तशीच सोडेल. कडेच्या चार फरश्या कापून नुसत्या मांडून ठेवल्या, सिमेंटचा मसाला न टाकता. आपन नाई का, बसवायच्या आधी मांडून पाह्यतो? तशा. वर बोटभर धूळ. एकीवर पेन्सिलीची फुली. मीबी तशीच फुली मारतो वं.”

मी फोन कानाशी घट्ट धरला.

“तो दुसऱ्या दिवशी येऊन बसवनार होता,” दादा म्हणाला.

“मंग तू काय केलं?”

“पुसल्या अन् बसवल्या. मापात होत्या.” मग म्हणाला, “तुह्या पत्रकात हे नव्हतं.”

“मले ठाव नव्हतं.”

“मलेबी नव्हतं,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी जिंकले असं मला वाटलं नाही. ती चार फरश्यांची रांग मला महिनाभर दिसत राहिली. इतक्या दूरचं कोण कोणाला दिसतं, असं आबाजी म्हणाले होते. दिसतं. पण दिसेपर्यंत गाडी ओढा ओलांडून गेलेली असते. म्हणून तर दिसायच्या आधीच पाळायचा नियम लागतो, गावांना लागतो तसाच देशांनाही. हे मी परीक्षेतही लिहिलं. मार्क कमी पडले.

या वर्षी जयंतीला पहिली पंगत छोटी झाली. ओढ्यापलीकडची बरीच पोरं बाहेर गेलेली. मी भात वाढत होते तेव्हा दादाचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या शेजारी आबाजींचा नातू होता. दोघांनी एकाच खोलीत, एकाच कुकरमध्ये खिचडी लावली होती. आबाजींनी फोन नाकाला लावून धरला. मग तो पंगतभर फिरला, सगळी ओरडून बोलली, आणि वाढणं थांबलं. शेवटी फोन माझ्या हातात आला. दादा कोपऱ्यात सरकला.

“मी वापस आलो तं मले वाढू देशीन का वं, पहिल्या पंगतीले?”

तो हसत नव्हता. माय शेजारीच उभी होती. तिनं माझ्या कोपराला हात लावला, हो म्हण म्हणून.

“आधी पंगतीपुढे त्या चार फरश्यायचं सांगजो,” मी म्हणाले. “सगळं, फुलीसगट. मंग घेजो बादली.”

दादानं खाली पाहिलं. “सांगीन,” तो म्हणाला. “तोवर कोन वाढते वरण?”

“मीच.”

“अन् तुले?”

मायनं फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला खिचडीत तूप टाकलं का विचारायला लागली. मी परत रांगेत गेले. आबाजींचं वरण निवलं होतं, ते बदलून गरम वाढलं. दुसरी पंगत झाली, तिसरी झाली. पोरं उष्टी ताटं उचलून गेली, बाबा खुर्चीवर बसल्या बसल्या झोपले, मांडववाला दोर सोडायला आला.

शेवटच्या पंगतीत मी एकटीच होते. परात उजवीकडे ठेवली, बादली डावीकडे, आणि स्वतःच्या हातानं वाढून घेतलं.