परिषदेच्या दाराबाहेर नंबर लावून

मला हात दिला तो शनिवार पेठेत राहणाऱ्या एका काकूंनी. हे आधीच सांगते, कारण बाकीचं सांगताना माझा गोंधळ होतो आणि त्या मागे राहून जातात. नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि तसं त्या तोंडावर सांगतील.

माझ्या धाकट्याला सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. अंग दुखायला लागलं की दिवस दिवस कण्हतो. नागपूरला तपासण्या झाल्या, त्याच्या मोठ्या बहिणीचा बोन मॅरो जुळतो म्हणाले. ती बारा वर्षांची. तिच्या हाडातलं काढून त्याला द्यायचं, मग तिचं काय होईल? मला कुणी सांगितलं नाही, की सांगितलं आणि मलाच समजलं नाही, तेही कळत नाही. मी सहावीतून शाळा सोडलेली. सासूबाई म्हणायच्या, एकाला वाचवायला दुसरीला अधू करशील. हो की नाही, ते मला नागपूरच्या डॉक्टरांना लवकरच सांगायचं होतं. तेवढ्यात कळलं की पुण्याला या आजाराची मोठी परिषद आहे, डॉक्टर येणार, आईवडिलांनाही बोलावलंय. नवरा पोरांजवळ थांबला आणि भंडाऱ्याहून मी एकटी निघाले.

धायरीला चुलत दीर राहतात, त्यांच्याकडे उतरले. धायरी आणि परिषद दोन्ही पुण्यातच, म्हणजे जवळच असेल असं समजले होते. सकाळी रिक्षाचा रस्ता संपता संपेना. पुढे कुणी जाणार असेल तर ओळखीचं घर नंतर बघा, परिषद कुठे आहे ते आधी बघा. आणि शाल न्या, आत फार गारठा असतो.

दाराजवळ टेबलाशी काकू बसल्या होत्या. त्यांनी गळ्यात घालायचं कार्ड दिलं, एक पिशवी दिली, आत जा म्हणाल्या. कार्डावर नंबर होता. मी आत डोकावले तर अंधार, पडद्यावर चित्रं आणि खुर्च्याच खुर्च्या. वाटलं, हे शिकलेल्यांचं आहे, आपलं नंतर असेल. सरकारी दवाखान्यात आपण काय करतो? नंबर घेतो, फाइल मांडीवर ठेवतो, दाराशी बसतो, पुकारलं की उठतो. मी तेच केलं. बाथरूमलाही गेले नाही, नेमकं तेव्हाच पुकारलं तर? आत एकदा जोरात टाळ्या वाजल्या. मला वाटलं, कुणाचं तरी पोरगं बरं झालं असेल.

बऱ्याच वेळाने काकू उठून आल्या.

"अहो, कार्यक्रम आत आहे. इतक्या लांबून दार बघायला आलात का?"

"नाही जी, माझा नंबर नाही आला अजून."

त्यांनी माझं कार्ड उचलून पाहिलं. "हा नंबर पिशव्या किती वाटल्या ते कळायला आहे. डॉक्टर पिशव्या तपासत नाहीत."

मला रडू आलं. या रागावल्यात की मदत करतायत, काही कळेना. आमच्याकडे मदत करणारा आधी पाठीवरून हात फिरवतो. काकू नुसत्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या आणि काय विचारायचंय म्हणाल्या. मी फाइल उघडून पोराच्या जन्मापासून सुरुवात केली. त्यांनी फाइल मिटली. बोन मॅरो बदलणाऱ्या डॉक्टरांचं भाषण मघाशीच झालं, त्या टाळ्या त्यांच्याच होत्या, म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. इथे कुणी तपासत नाही, कुणी पुकारत नाही, आपणच जायचं असतं.

"चहाच्या वेळी गाठा. हातात गरम कप असतो, पळता येत नाही. आणि प्रश्न एक. गोष्ट नको."

तो प्रश्न त्यांनी माझ्याकडून म्हणवून घेतला. लांब झाला म्हणाल्या, परत म्हणायला लावला. पुन्हा लांब झाला. मग एकदाचा मान डोलावण्याजोगा झाला.

चहाला सगळे कोट सारखेच. काकूंनी हनुवटीने डॉक्टर दाखवले. मी त्यांच्यामागे रांगेत उभी राहिले, पण तिथे रांगच नव्हती, लोक कुठूनही येऊन बोलत होते. मागे वळून पाहिलं तर काकू टेबलापासून हाताने ढकलल्यासारखं करत होत्या.

"सर, मुलीचा बोन मॅरो मुलाला दिला तर मुलीचं काय होईल?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने काढतात, काही दिवस दुखतं, काढलेलं शरीर पुन्हा तयार करतं. धोका अजिबात नाही असं कधीच नसतं, पण ती अधू होणार नाही. मग त्यांनी विचारलं, "मुलीला विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. घरात सगळे बोलत होते, तिला सोडून.

बाहेर येऊन तिला फोन लावला, जमेल तसं सांगितलं. ती म्हणाली, शाळा किती बुडेल? ते विचारायला परत डॉक्टरांकडे जायची भीती वाटली, पण गेले. या वेळी रांग शोधली नाही.

काकूंचे आभार मानायला गेले तर म्हणाल्या, आता आत बसा, दाराचं बघून झालंय.

बोन मॅरोचं पार पडून दोन्ही पोरं धडधाकट झाली की त्यांना घेऊन मी शनिवार पेठेत जाणार आहे, आमच्याकडचा चिन्नोर तांदूळ घेऊन. काकू काहीतरी वाकडं बोलतीलच. बोलू देत. त्यांच्या स्वयंपाकघरात मीच भात रांधीन आणि पहिलं पान त्यांचं वाढीन.