पांदण नकाशात आली

माझं घर आमच्या गावाचं शेवटचं घर होतं. गाव तालुक्याचं, यवतमाळ जिल्ह्यातलं, बुधवारच्या बाजाराचं. घराच्या भिंतीला लागून पांदण सुरू व्हायची, म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. ती नाला ओलांडून बंजाऱ्यांच्या तांड्यावर जाते. अंतर सव्वादोन किलोमीटर. सगळी काळी, कपाशीची जमीन. पावसाळ्यात त्या वाटेनं चाललं की माती पायाला धरते आणि चपलेचं वजन वाढतच जातं.

भिंतीबाहेर बांधकामाच्या वेळचं सिमेंटचं टाकं होतं. घर झाल्यावर ते फोडायचं राहून गेलं. तांड्यावरची माणसं बुधवारी बाजाराला येताना त्या टाक्यावर थांबत, पाय धूत, पिशवीतून चांगल्या चपला काढून घालत आणि चिखलाच्या चपला माझ्या भिंतीकडेला ठेवून गावात जात. चिखलाच्या पायांनी बाजारात शिरायचं नाही, असं त्यांच्यात होतं. संध्याकाळी परत येऊन चपला बदलत आणि वाटेला लागत. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी हो म्हटलं नाही. माझ्या बायकोनं मात्र पहिल्याच पावसाळ्यात टाक्याजवळ उरलेल्या फरशीचे तुकडे टाकून दिले, पाय ठेवायला.

सून बाळंत झाली तेव्हा बायको तीन महिन्यांसाठी पुण्याला गेली. नातू आता बालवाडीत जातो. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवर, त्यामुळे तिचं तिथं असणं बरोबरच आहे, त्यात मला काही खोडता येत नाही. ती मला तिकडे बोलावते. मी जिनिंगमध्ये हिशेबाचं काम करतो. कापूस येतो तेव्हा मान वर करायला वेळ नसतो. पावसाळ्यात मात्र जिनिंग बंद आणि मी घरी. चार खोल्या, एक माणूस. दोन बुधवारांच्या मधल्या दिवसांत कोणाशी बोललो, हे आठवायला गेलो तर किराणावाला आणि फोन. बुधवारी सकाळी भिंतीपलीकडून बोलणं ऐकू यायचं, तोवर मी टाकं भरून ठेवलेलं असायचं. मग खुर्ची घेऊन फाटकात बसायचो. दिवसभर चपलांवर नजर ठेवायचो, कारण कुत्री चपला पळवतात.

त्यांच्यात एक म्हातारी होती. तांड्यातले तिला याडी, म्हणजे आई, म्हणत, मी मावशी म्हणायचो. बाजारात ती बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा विकायला बसायची. जाताना एक मूठ शेंगा माझ्या भिंतीवर ठेवायची आणि तेवढ्यासाठी मला टोमणाही मारायची.

“बाईनं तुमाले घर राखाले ठेवलं,” ती म्हणायची, “अन् आमी चपला राखाले.”

बाकीच्या बाया पदराआड हसायच्या. मीही हसायचो. आठवड्यातलं माझं हसणं बहुधा तेवढंच.

मग वाढीव हद्दीचा आराखडा आला. गावाभोवतीची शेतं गावात घेऊन तिथं मोठी वसाहत करायची, असं ठरलं होतं. त्याचा नकाशा नगरपंचायतीच्या सभागृहाच्या भिंतीवर लावला आणि हरकती व सूचना मागवल्या. लोक आपापला शेत क्रमांक शोधून, खूश किंवा नाराज होऊन परत जात होते. मी माझं घर शोधलं. ते सापडलं. राहण्याच्या जागेला नकाशात पिवळा रंग असतो. माझ्या भिंतीला लागूनच पिवळं सुरू होत होतं आणि नाल्यापर्यंत अखंड पसरलं होतं. शाळेची जागा होती, बगीच्याची होती, सरळ रेषेतले रस्ते होते. पांदण नव्हती.

मी जुन्या गावनकाशाची नक्कल काढली. त्यात पांदण दोन तुटक रेषांनी स्पष्ट दाखवलेली आहे. नव्यात ती उतरवायची राहून गेली होती. मुद्दाम नसावं. कागदावर पाहणाऱ्याला ती शेताची बांधरेषाच वाटते. पण ती गेली असती तर तांड्याला नाल्याकाठानं डांबरी सडकेवर जाऊन गावात दुसऱ्या टोकानं शिरावं लागलं असतं. वाट दुपटीनं वाढली असती. आणि माझ्या घरावरून कोणी गेलं नसतं. पुढे हरकतीच्या अर्जात मी फक्त वाढलेलं अंतर लिहिलं.

बुधवारी मावशीला नक्कल दाखवली. वाट नकाशात नाही म्हणून सांगितलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

“नकाशात नसली तं काय झालं? आमी तं रोज चालून राह्यलो ना तिच्यावरून.”

मी समजावलं की प्लॉट पडले की कुंपणं पडतील, मग चालता येणार नाही. नकाशात आली तर मात्र पक्का रस्ताच होईल. तिनं पाय धुता धुता विचारलं, “पक्का झाला तं मंग चिखल नाई ना राह्यत?”

“नाही राहत.”

“मंग लिवा ना. वाट कायची पाहून राह्यले?”

सुनावणीला तांड्यावरचं कोणी येऊ शकलं नाही, सोयाबीनच्या निंदणाचे दिवस होते. मी एकटाच गेलो. बाकी सगळे जमीनवाले होते, कोणाचं शेत बगीच्यात गेलेलं, कोणाचं रस्त्यात. माझी पाळी आली तेव्हा साहेबांनी विचारलं, तुमची जमीन जाते का. नाही म्हटलं. मग तुमचा काय संबंध? मी म्हटलं, लोक चालतात तिथून.

“किती चालतात?”

“पावसाळ्यात बाजाराच्या दिवशी चाळिसाच्या खाली कधी नाही.”

“हे कशावरून सांगता?”

“माझ्या भिंतीशी चपला ठेवतात. त्या मोजतो.”

खोलीत हशा झाला. मागून एक प्लॉटचे सौदे करणारा गृहस्थ म्हणाला, “भाऊ, चपलांचं स्टँड टाकलं काय?” पुन्हा हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी नक्कल जवळ ओढली, नव्या नकाशावर पेन्सिलीनं एक रेघ ओढून पाहिली आणि पुढच्याला बोलावलं.

आराखडा मंजूर होऊन आला तेव्हा पांदण त्यात होती. बारा मीटर रुंद, नाल्यावर पूल, थेट तांड्याच्या दिशेनं. बायकोला फोनवर सांगितलं. तिला खरंच आनंद झाला. मग तिनं विचारलं की आता तरी घराला चांगला भाव येईल ना, विकायचं मनात घेता का. मी म्हटलं, बघू.

प्लॉट पडले, खुणेचे दगड लागले, घरं अजून चार-दोनच उभी आहेत. प्लॉट घेणारे बहुतेक बाहेरगावचे, घेऊन ठेवणारे. रस्ता मात्र आधी झाला. यावर्षी पावसाआधी सिमेंटचं काम पूर्ण झालं. मी टेप लावून पाहिला, कडेच्या गटारांच्या जागेसकट बरोबर बारा मीटर भरला. काम चांगलं आहे.

पहिल्या पावसानंतरच्या बुधवारी मी टाकं भरलं आणि फाटकात बसलो. तांड्यावरून काळीपिवळी जीप आली, भरलेली. मोटरसायकली आल्या, एकेकीवर तिघं. काही पायीही आले, पण सरळ चालत गेले, थांबायचं कारण नव्हतं. ओळखीच्यांनी हात वर केला. मावशी गाडीत आत बसलेली असावी, मला दिसली नाही. संध्याकाळी भिंतीकडेला फरशीचे तुकडे तेवढे होते.

तीन बुधवार असे गेल्यावर मी स्वतःच बाजारात गेलो. मावशी तिच्या जागेवर होती, समोर शेंगांचा ढीग. मला पाहून तिनं पोतं सरकवून बसायला जागा केली. गिऱ्हाईक होतं, मी उभाच राहिलो. ते गेल्यावर विचारलं, आता थांबत नाही तुम्ही लोक.

“कायले थांबू, भाऊ? पाय तं कोरडेच राह्यतेत,” ती म्हणाली. “तुमीच तं केलं ना.”

ती ते कौतुकानं म्हणाली, आजूबाजूच्या दोघींना ऐकू जाईल अशा बेतानं. मी मान हलवली आणि अर्धा किलो बरबटी मागितली. तिनं शेंगा तराजूत टाकल्या.

“बाई आली काय?”

“नाही अजून.”

तिनं तराजूतल्या अर्ध्या शेंगा परत ढिगात टाकल्या. “एकट्याले इतक्या कायले लागतेत? वाया जातीन.”

मी पिशवी घेऊन नव्या रस्त्यानं घरी आलो. सकाळी पाऊस पडून गेला होता, पण सिमेंट वाळलं होतं. टाक्याजवळ चपला काढून ठेवल्या, फरशीच्या तुकड्यावर उभा राहिलो आणि पाय धुतले. पायाला काही लागलेलं नव्हतं.