कुठला मिक्सर?

"हा मिक्सर नेमका कुठला?" रासाने फोनवर विचारलं. मी नेहमीसारखं "स्क्रीन बघून सांगते" म्हणाले.

रासा आमच्यासाठी लिथुआनियन भाषांतर करते. मी मूळची पुण्याची, इथे ब्रेडा या डच शहरात एका सॉफ्टवेअर कंपनीत लोकलायझेशन बघते. म्हणजे गोठ्यातली यंत्रं चालवणाऱ्या टॅब्लेटवरचे इंग्रजी शब्द बाकीच्या भाषांत नीट उमटतात का, हे तपासायचं. इथल्या गोठ्यांवर लिथुआनियन कामगारही असतात, म्हणून ती भाषा. गायीशी माझा संबंध सायकलवरून जाताना दिसते तेवढाच.

स्क्रीन उघडली आणि मी ती सूचना पुन्हा वाचली.

गोठ्यात मिक्सर दोन असतात. एक चारा कालवतो. दुसरा गोठ्याखालच्या टाकीतला शेणामुताचा राडा ढवळतो, शेतात टाकण्याआधी. इंग्रजीत दोन्हीकडे नुसतं 'मिक्सर' लिहिलेलं. चाऱ्याच्या स्क्रीनवर रासाने बरोबर लिहिलं होतं: 'पाशारू माइशितुवास', चाऱ्याचा मिक्सर. पुढे आमच्या भाषांतराच्या टूलने हुशारी केली. तोच इंग्रजी शब्द पुन्हा आला की ते जुनं भाषांतर आपोआप चिकटवतं, तेवढेच कष्ट वाचावेत म्हणून. त्यामुळे टाकीच्या स्क्रीनवरही लाल अक्षरांत आलं होतं: चाऱ्याचा मिक्सर चालू आहे, दूर राहा.

यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं वाटेल. राडा ढवळला की त्यातून विषारी वायू सुटतो. आधी कुजक्या अंड्यांचा वास येतो, मग नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला. तो तिथेच कोसळतो. त्याला उचलायला जाणाराही कोसळतो. टाकीपाशी उभ्या असलेल्या लिथुआनियन माणसाने ती सूचना वाचली तर काय समजेल? चाऱ्याचा मिक्सर तिकडे चालू असेल, मला काय त्याचं!

"हे व्हर्शन लाइव्ह आहे?" रासाचा आवाज बारीक झाला.

"कालच गेलं."

लिथुआनियन भाषा लावलेला गोठा एकच होता. तिथे व्हितास नावाचा कामगार एकटा असायचा. मी रासाला लाइनवर ठेवून योस्टकडे पळाले. योस्ट माझा मॅनेजर, आग लागली तरी आधी कॉफी संपवेल असा. त्याने त्या गोठ्याचं लाइव्ह पेज उघडलं. टाकीचा मिक्सर चालू. खाली आणखी एक ओळ: टाकीचं झाकण उघडं.

"बंद कर तो!"

योस्टने ऑफिसातूनच मिक्सर बंद केला.

"आणि वायू?"

"वायूला माझ्याकडे बटण नाही," तो म्हणाला. कॉफी त्याने बाजूला सरकवली होती. त्याने गोठ्याच्या मालकाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग त्याने आणीबाणीचा ११२ फिरवला.

टॅब्लेटवर आम्हाला मेसेज पाठवता येतो, तो आला की गोठ्यात भोंगा वाजतो. "रासा, बाहेर पड म्हणायचंय. लवकर सांग!"

"लाउक इश त्वार्तो. गोठ्याबाहेर!"

मी 'लाउक' टाइप केलं आणि टूलने पुढे 'आस' जोडून दिला. लाउकास म्हणजे शेत. तोंडात आलेली शिवी मी अस्सल मराठीत दिली, शब्द दुरुस्त केला आणि मेसेज सोडला.

मेसेज वाचणारा बटण दाबतो, मग आमच्याकडे हिरवी खूण येते. ती येईना. देवाचं नाव घ्यावं तर एकही सुचेना. ज्याचा चेहराही पाहिलेला नाही, तो माणूस एका शब्दापायी त्या टाकीत पडलेला मला दिसत होता. रासा पलीकडे हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटत होती.

योस्टचा फोन वाजला. मालक होता, डचमध्ये तडकलेला. "माझ्या माणसाला कामावरून काढणारे तुम्ही कोण?"

हळूहळू उलगडा झाला. व्हितासच्या हातातला लोखंडी आकडा टाकीत पडला होता. तो काढायला झाकण उघडून तो शिडीवर पाय ठेवणार, तेवढ्यात भोंगा वाजला. त्याने टॅब्लेटवर वाचलं: गोठ्यातून चालता हो. 'लाउक' असं कुणाला हाकलतानाही म्हणतात. त्याला वाटलं, मालकाने हाकललं. बटण न दाबता, पिशवी उचलून तो तडक फाटकाबाहेर गेला आणि तिथून मालकाला फोन करून भांडला. ट्रॅक्टरवर बसलेल्या मालकाने आमचा अनोळखी नंबर उचलला नव्हता, त्याचा उचलला. मग आमचा नंबर परत लावला, आणि योस्टने कंपनीचं नाव सांगताच मेसेज कुणाचा ते त्याला कळलं.

मी खुर्चीत बसले आणि चक्क रडले. योस्टने न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

अग्निशमन दलाच्या माणसांनी मास्क लावून झाकणापाशी वायू मोजणारा मीटर धरला. तो कितीतरी वेळ कोकलत होता.

धोक्याच्या सूचनांपुरतं टूलचं आपोआप चिकटवणं आम्ही त्याच दिवशी बंद केलं. रासाने व्हितासला फोन करून सगळं समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पुढच्या वेळी निदान 'कृपया' तरी लिहा."

आमच्या स्टाइल गाइडमध्ये प्रत्येक सूचनेत 'कृपया' लिहायचा नियमच होता. धोक्याच्या सूचनांमधून तो मी काढून टाकला. उद्धट भाषांतराने माणूस चिडतो, पण भांडायला शिल्लक राहतो.