शब्दकोशाला पट्टी लावली तेव्हा

ऐंशीचे दशक संपत आले होते. मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि सुटीच्या दिवशी एम.फिल.च्या प्रबंधासाठी अमळनेरला कॉलेजच्या ग्रंथालयात बसत असे. अठराव्या शतकातल्या एका इंग्रजी शब्दकोशातून तो काळ कसा दिसतो, हा विषय. प्रबंध मान्य झाला तर अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता.

बातमी किती महत्त्वाची, हे आम्ही डेस्कवर कॉलम-सेंटिमीटरमध्ये मोजत असू. कोशालाही मी तीच पट्टी लावली. घोडा आणि त्याला जोडून आलेले शब्द दीड कॉलम. कापूस दोन ओळी. त्या काळाच्या लेखी कापूस गौण होता, असा निष्कर्ष मी लिहिला.

ग्रंथालयाचे वयस्कर शिपाई, सगळ्यांचे आबा, पट्टीकडे पाहत उभे राहिले.

"पुस्तकले सदरा शिवस का काय, भाऊ?"

मी मोजमाप समजावले.

"बठ्ठा तालुका कपाशीवर जगस, आनि तुना पुस्तकमा तिले दोन वळी?" हसत ते निघून गेले.

मार्गदर्शक सरांनी प्रकरण वाचले. "यात काळ बोलतोय की कोश लिहिणारा?"

मी मोजमापाचे तक्ते पुढे केले.

"तुमच्याच पेपरचा मागचा आठवडा मोजून या," ते म्हणाले.

मोजला. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. जिनिंग कारखान्याबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग पारोळा रस्त्यापर्यंत गेली होती. आमच्या अंकात कापूस म्हणजे आतल्या पानावरचे रोजचे भाव, एक कॉलम, चार सेंटिमीटर. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या पांढऱ्या घोड्याचा फोटो पहिल्या पानावर, तीन कॉलम. तो मीच लावला होता. का लावला, ते आठवेना. फोटो चांगला होता, एवढेच.

प्रकरण काढले तर प्रबंध निम्मा उरत होता, ठेवले तर खोटा ठरत होता. मी तक्ते ठेवले आणि निष्कर्षाचा परिच्छेद खोडला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "मग या तक्त्यांवरून काय सिद्ध होते?"

"निश्चित सांगता येत नाही."

त्यांनी सरांकडे पाहिले. सर खिडकीबाहेर पाहत होते.

प्रबंध मान्य झाला. तक्त्यांमुळे की त्या उत्तरामुळे, हे मी विचारले नाही. जागेसाठी अर्ज भरताना 'संशोधनाचे निष्कर्ष' या रकान्यापाशी मात्र मी बराच वेळ थांबलो.