एक किलो बेसनाच्या पाच वाट्या

नलिनीकाकूंनी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये सव्वीस वर्षं स्वयंपाक केला. रोज चारशे माणसांचा. तिथे अंदाजपंचे काही चालत नसे, मीठसुद्धा काट्यावर चढायचं. रिटायर झाल्यावर बडोद्यातल्या आमच्या मंडळाचा दिवाळीचा फराळ त्यांच्या देखरेखीखाली होऊ लागला. बाई फटकळ. "डोळ्यांनी काय मोजताय? काटा आणा," हे आम्हाला रोज एकदा तरी ऐकावं लागे. पण त्यांच्या हाताखालचा एक लाडू कधी बिघडला नाही.

गेल्या वर्षी मंडळाने पाककृतींची पुस्तिका काढली. काकूंनी बेसनाच्या लाडवांची कृती लिहून दिली: बेसन एक किलो, तूप अर्धा किलो, पिठीसाखर आठशे ग्रॅम. पुस्तिकेचं काम मंडळातल्या कुशलकडे. हा इंजिनीअर म्हणे! घरोघरी काटा कुठे असतो, असं म्हणून त्याने सगळी मापं वाट्यांत करायचं मनावर घेतलं. वाटीभर पाणी मोजलं, ते दोनशे ग्रॅम भरलं, आणि या शहाण्याने बेसन, तूप, साखर, पोहे, सरसकट सगळ्याला दोनशेने भागलं. बेसन पाच वाट्या, तूप अडीच. काकूंना एकदा दाखवायची तसदीही घेतली नाही. खाली नाव मात्र काकूंचं.

लाडू बसले. पाणीगेटपासून सयाजीगंजपर्यंत ज्या ज्या घरात केले तिथे बसले. ताटात भाकरीसारखे पसरले. माझेही. मग कुजबुज सुरू झाली की काकूंचं वय झालं, त्यांना आता आठवत नाही. एक जण तर म्हणाली, मुद्दामच चुकीचं दिलं असणार. यंदा नवरात्रात अध्यक्ष उदयसिंहराव सगळ्यांसमोर म्हणाले, "नलिनीताई, या वर्षी फराळाचं राहू द्या. आराम करा आता." आणि पुस्तिकेतल्या लाडवांचं कारणही सांगून टाकलं.

त्या दिवशी घरी जाऊन काकूंनी पुस्तिका पहिल्यांदा उघडली. स्वतःचीच कृती कोण कशाला वाचतं? पुढच्या रविवारच्या सभेत त्या काटा, वाटी, बेसन आणि तूप घेऊन आल्या. वाटीचं वजन वजा करून बेसन भरलं एकशे दहा ग्रॅम. तूप एकशे ऐंशी.

"पाच वाट्या बेसन म्हणजे साडेपाचशे ग्रॅम," काकू म्हणाल्या. "त्यात साडेचारशे ग्रॅम तूप. लाडू वळायचा की पोहायला सोडायचा?"

कुशल हसला. "अरे काकू, एमां शुं? त्यात काय एवढं? पुढच्या आवृत्तीत सुधारून टाकू. चालशे."

त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं मला वाटलं. उदयसिंहरावही घाईघाईने म्हणाले, "होतं असं कधी कधी. यंदाचा फराळ तुम्हीच बघा."

काकूंचा आवाज चढला. "नाव काढा माझं त्यावरून. आणि फराळही नको. कँटीनमध्ये डाळ करपली तर कामगार सरळ आत येऊन विचारायचे, नलिनीबेन, आज काय झालं? इथे चाळीस जणींनी लाडू केले. एकीने तरी मला विचारलं?"

काकूंचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. वर्षभर मी रोज त्यांच्या दारावरून जात होते, आणि वय झालं असं पहिल्यांदा म्हणणारी मीच होते.