रांगोळीतलं अंत्यदर्शन

आनंदनगरच्या एका कारखान्यात स्फोट झाला, त्यात माझे मिस्टर आणि त्यांच्या पाळीतले आणखी पाच जण गेले. मिस्टरांना घरी आणलं ते पांढऱ्या कापडात पक्कं बांधून. "चेहरा उघडायचा नाही, वहिनी," असं दिरांनी बजावलं आणि मीही ऐकलं. लोक त्याला अंत्यदर्शन म्हणाले. दर्शन कसलं, मी एका गाठोड्याला हात जोडले. पुढे वर्षभर मला तेच खात होतं.

वर्षश्राद्ध झालं त्याच आठवड्यात कामगारांनी अंबरनाथला शोकसभा ठेवली. नाक्यावर फ्लेक्स लागलाच होता. भावपूर्ण श्रद्धांजली वाहणारे पुढारी वर हातभर मोठे आणि गेलेले सहा जण खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे. नक्की गेलंय कोण, असा प्रश्न पडावा. त्यात कळलं, की पॅकिंगला काम करणारी एक बाई हॉलमध्ये सहाही जणांच्या रांगोळ्या काढतेय. माझं डोकंच फिरलं. सासूबाई म्हणाल्या, "दुखवट्याच्या घरात रांगोळी घालीत नाय, नि ही बया मेल्या माणसाचीच काढणार?" आमचं दोघींचं सहसा कशावर पटत नाही. त्या दिवशी पटलं. चांगलं सुनवायचं असं ठरवून मी हेंद्रेपाड्याहून रिक्षा केली.

सभेला अजून वेळ होता. हॉलमध्ये ती एकटीच होती. रंग उडू नयेत म्हणून पंखे बंद, कंबरेला पट्टा, आणि घामाचा थेंब खाली पडू नये म्हणून कपाळाला रुमाल घट्ट बांधलेला. दिवसभर उभ्याने खोकी भरणारी बाई, पण चिमटीतून रंग सोडताना श्वाससुद्धा रोखून धरत होती. पाच चेहरे पुरे झाले होते. एकाच्या गालावरचे देवीचे व्रणही तिने गाळले नव्हते. माझं भांडण तिथेच विरलं.

सहावे माझे मिस्टर. गेटपासच्या फोटोवरून काढलेले, ओठ घट्ट मिटलेले.

"हे ते नव्हेत," मी म्हणाले.

"काय चुकलं, ताई?"

"तोंड मिटून ते कधी हसलेच नाहीत. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. फोटोपुरता लपवायचे."

वाटलं, आता ही वैतागेल. इतक्या तासांचं काम होतं. पण तिने मऊ ब्रशने ओठांचा रंग अलगद उचलला, ओठ पुन्हा काढले, जरा विलग, आणि पांढऱ्या रंगाची वाटी माझ्यापुढे सरकवली. "मी साहेबांना लांबूनच बघायचे, कँटीनच्या लाइनीत. दात तुम्हीच घाला."

मी चिमटीत रंग घेतला. तिने मनगट धरलं. दात अंमळ मोठाच पडला, पण ते हसले. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले. ही बाई मला आजही देवासारखी वाटते, आणि असं मी सहसा कुणाला म्हणत नाही.

सभेत भाषणं झाली, संगमरवरी स्मारकाचं आश्वासन मिळालं. लोक गेल्यावर ती आम्हा घरच्यांना म्हणाली, "आता ज्यांची त्यांनी पुसायची. झाडू नाही लावायचा, हाताने."

"एवढी मेहनत! राहू द्या की दोन दिवस," मी म्हणाले.

"उद्या हॉल हळदीला दिलाय, ताई."

बाकीच्या बायका आपापल्या माणसाजवळ बसल्या. मीही मांडी घातली. कुणी घाई केली नाही. मी त्यांचं कपाळ पाहिलं, भुवया पाहिल्या, तो दात पाहिला. पोटभर पाहून घेतलं आणि मग तळवा त्यांच्या गालावर ठेवला. आमच्यात बायका पोचवायला जात नाहीत. त्यांना मी पोचवलं.